चेहऱ्याला काहीच सोसत नाही : नागपूरच्या उन्हाळ्यात नाजूक त्वचा कशी सांभाळता?

बर्डीवाली | ९ एप्रिल, रात्री १०:१०

(१२ एप्रिलची भर: डॉक्टरांनी दिलेलं औषध हा धागा वाचून बंद करू नका.)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मानेवाड्याला राहते, नोकरी सीताबर्डीत. रोजची स्कूटी. मुलगी झाल्यावर दोन्ही गालांवर वांग आले. घरात लग्न होतं, दीड महिना हातात होता. घराजवळच्या एका औषधाच्या दुकानात सहज विचारलं, तर काउंटरवरच्या मुलाने एक छोटी ट्यूब काढून दिली. "रात्री लावा, पंधरा दिवसांत फरक." त्याने चिठ्ठी मागितली नाही, माझ्याकडे ती नव्हतीच. आणि फरक पडला हो! दहाव्या दिवशी चेहरा असा नितळ की लग्नात जी ती विचारत होती, काय लावतेस? मी तिघींना त्या ट्यूबचं नाव सांगितलं. ते आजही मनाला लागून आहे.

मग एक संपली की दुसरी. सव्वा वर्ष. हळूहळू असं झालं की दोन मिनिटं उन्हात उभी राहिले तरी गाल तापायचे. फोडणीची वाफ लागली तरी चेहरा पेटायचा. ट्यूब बंद केली की चौथ्या दिवशी लालबुंद, बारीक पुटकुळ्या. परत लावली की शांत. मला वाटायचं, औषध चांगलं आहे, माझी त्वचाच वाईट आहे. एका सकाळी सिग्नलला स्कूटीच्या आरशात नीट पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल दोऱ्यासारख्या रक्तवाहिन्या उमटलेल्या, आणि गालावर वाढलेली लव उन्हात चमकत होती. त्या दिवशी ऑफिसला न जाता सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी ट्यूब माझ्याच हातात दिली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं नाव स्टेरॉइडचं. म्हणाले, "हे काही आठवडे, आमच्या नजरेखाली वापरायचं औषध आहे. तुम्ही सव्वा वर्ष क्रीम म्हणून लावलंत."

आता सात महिने झाले. स्टेरॉइड त्यांनी टप्प्याटप्प्याने सोडवलं, सोबत पोटातली औषधं होती. पहिले दोन महिने फार वाईट गेले, रात्री ओला रुमाल गालावर ठेवून झोपायचे. आता जळजळ पुष्कळ कमी आहे, पण त्वचा पूर्वीची राहिली नाही. सध्या तीनच गोष्टी चालतात: साबणाऐवजी सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. गुलाबपाणी, टोनर, स्क्रब, बेसन-दही, सगळं बंद. एवढं सगळं काढून टाकल्यावरच त्वचा सावरायला लागली, हा माझा अनुभव.

पण एप्रिल लागला आहे आणि नवतपा, मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, पुढेच आहे. आपल्या गावाचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ज्यांची त्वचा अशी आहे ते मे महिना कसा काढता? स्टोल, कूलर, पाणी, तेल, जे काही असेल ते लिहा.


तर्रीवाला | ९ एप्रिल, रात्री १०:४८

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या वहिनीचं हेच होऊन राहिलं आहे. ती तर म्हणते, ट्यूब लावली नाही तर चेहरा खाजतो, म्हणून लावते. तिला उद्याच हा धागा दाखवतो.


औषधवाला | १० एप्रिल, सकाळी ७:३०

मी २२ वर्षं इतवारीत काउंटरवर उभा आहे, म्हणून लिहिणं माझं काम आहे.

लोक दुकानात येताना रिकामी ट्यूब नाही तर मोबाइलमधला फोटो आणतात. "हीच द्या, मावशीला गुण आला." गजकर्ण असो, वांग असो, घामोळं असो, सगळ्यांना एकच ट्यूब. क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल, आणि तेच अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधासोबत एकाच ट्यूबमध्ये मिसळलेलं मिळतं. गजकर्णावर लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही. लाली दबते, आतून ती पसरते. मग जांघेतलं गजकर्ण पोटापर्यंत आलं की माणूस दुसरी ट्यूब मागायला येतो.

२०१८ मध्ये सरकारने लावायची १४ स्टेरॉइडं शेड्युल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा आहे. तरी गिऱ्हाईक परत जाईल या भीतीने ट्यूब दिली जाते, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं आहे. चार लोक रागावून गेले, गेले.

तुम्ही एवढंच करा. कुठलीही ट्यूब घेण्याआधी मागची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही असेल, डाव्या कोपऱ्यात आरएक्स असेल, तर ते क्रीम नाही, औषध आहे. आणि जे आधीपासून लावत आहेत त्यांनी आज वाचलं म्हणून आजच फेकून देऊ नका. डॉक्टरकडे जा. एकदम तोडलं की काय होतं ते ताईंनी लिहिलंच आहे.


आजीचा_बटवा | १० एप्रिल, सकाळी ११:१५

रसायनं लावून त्वचा बिघडवायची आणि मग रसायनांनीच सुधारायची, हे मला पटत नाही. आपल्या नागपुरात संत्र्याची साल सावलीत वाळवून, कुटून, दुधात कालवून लावायची पद्धत आहे. माझ्या आजीने आयुष्यभर लावली, ऐंशीव्या वर्षी चेहऱ्यावर डाग नव्हता. बर्डीवाली, तुम्ही तेच करून बघा. नैसर्गिक आहे, अपाय नाही.


बर्डीवाली | १० एप्रिल, दुपारी १:४०

@आजीचा_बटवा, तुमच्या आजीबद्दल आदर आहे. माझ्याही आईच्या फडताळात सालीच्या पावडरीची बरणी आहे. ट्यूब सोडल्यावर दुसऱ्याच महिन्यात, आता तरी घरचं काही लावू म्हणून, मी तीच लावली होती. पाच मिनिटांत गालावर तिखट चोळल्यासारखं झालं. धुऊन टाकलं तरी दोन दिवस साल निघत होती, माझ्या गालाची. म्हणून विचारते, कुणाला यामागचं कारण माहीत आहे का?


ओपीडीतली | १० एप्रिल, रात्री ११:५५

मी त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, ड्यूटी संपवून लिहिते आहे. इथे कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. मेलेल्या चपट्या पेशी या विटा, आणि मधला गारा म्हणजे स्निग्ध पदार्थ: सिरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड. हा गारा शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं, बाहेरचं बाहेर. काहींचा जन्मापासूनच कमी असतो. काहींचा रोज घासून, साबणाने, ॲसिडच्या सीरमने जातो. स्टेरॉइड खूप दिवस लावलं की त्वचा तो बनवायचंच कमी करते, शिवाय पातळ होते. मग मज्जातंतूंची टोकं जवळजवळ उघडी पडतात. वाफ, घाम, ऊन, साधं पाणीसुद्धा झोंबतं. २०१७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने संवेदनशील त्वचेची व्याख्या केली तीही अशीच: ज्या गोष्टींनी एरवी काही व्हायला नको त्यांनी झोंबणं, जळजळ, खाज, मुंग्या येणं. लाली दिसेलच असं नाही. म्हणून घरच्यांनी "काही दिसत तर नाही" म्हणून पेशंटला खोटं पाडू नये. ओपीडीत बायका हे सांगताना रडतात.

आता संत्र्याची साल. तिच्या तेलात लिमोनीन भरपूर असतं. ताज्या लिमोनीनपेक्षा हवेत जुनं होऊन त्याचे जे पदार्थ बनतात ते जास्त ॲलर्जी करतात, आणि बरणीतली पावडर महिनोन्‌महिने हवा खाते. वरून तिचे कण खरबरीत. ज्यांची भिंत शाबूत आहे त्यांना आयुष्यभर काही होणार नाही, @आजीचा_बटवा यांच्या आजींना झालं नाही तसं. भिंतीला भेगा असतील तर तीच साल आत शिरते. लिंबाचं तर नावच नको. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. उन्हाळ्यात रसवंतीवर लिंबं पिळणाऱ्यांच्या हातावर असे डाग दिसले की मी थांबून सांगते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. बिबा नैसर्गिकच आहे. गुडघेदुखीवर बिब्याचं तेल लावून पायभर फोड घेऊन आलेले आजोबा मी मागच्याच महिन्यात पाहिले.


तर्रीवाला | ११ एप्रिल, सकाळी ९:०५

बिब्यावरून आठवलं. आमच्याकडे कच्चे आंबे उतरवताना चीक लागून काकांचे ओठ सुजले होते. त्यांना लहानपणी बिबा उतला होता म्हणतात. संबंध असतो का?


ओपीडीतली | ११ एप्रिल, दुपारी २:३०

असतो. आंबा, बिबा, काजू एकाच कुळातले. एकाची ॲलर्जी जडली की दुसऱ्याचा चीकही भोवू शकतो. आंबा देठाकडून नीट धुऊन, साल काढून खा म्हणावं. आतल्या गराचा सहसा त्रास होत नाही.


जुना_मास्तर | ११ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. साबणाबद्दल थोडं सांगतो, कारण साबण हा घराघरातला गैरसमज आहे.

दरवर्षी आठवीच्या मुलांना मी घरून साबणाचा तुकडा आणायला सांगत असे. पाण्यात घोळून, आम्ल की अल्क ते दाखवणारा पीएच कागद बुडवायचा. महागाचा असो की स्वस्तातला, बाळाचं चित्र असलेला असो की कडुनिंबाचा, कागद निळा-हिरवाच व्हायचा, ९ ते १० च्या घरात. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५, म्हणजे किंचित आम्ल. मुलं आश्चर्यचकित व्हायची. मग लिंबू पिळायचं, कागद लालभडक, २ च्या आसपास. खायचा सोडा ८ च्या वर. तेव्हा साबण एका टोकाला, लिंबू दुसऱ्या टोकाला, आणि त्वचा मध्ये.

लोक वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचा आकडा, पाहतात. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या प्रतीचा साबण. ते खरं आहे, पण ती प्रत साबणातल्या स्निग्धाम्लांच्या प्रमाणाची. त्यावरून तो त्वचेला सौम्य आहे असं ठरत नाही. १०० टक्के साबण हासुद्धा अल्कधर्मीच. नाजूक त्वचेला साबण नसलेली वडी किंवा द्रव घ्यावा, ज्यावर पीएच ५.५ लिहिलेलं असतं. आणि तोही चेहरा, काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता. हातापायांना रोज फेस काढायची गरज नाही.

दुसरं, पाणी. शहरात पेंच-कन्हानचं पाणी येतं तिथे ठीक. बाहेरच्या लेआऊटमध्ये बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, तोच बादलीच्या कडेला पांढरा दिसतो. तो अंगावरही राहतो. मात्र म्हणून महागडं पाणी मऊ करायचं यंत्र कुणी विकायला आलं तर थांबा. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये एक्झिमा (इसब) असलेल्या ३३६ मुलांवर चाचणी झाली, अशा यंत्राने एक्झिमा जास्त सुधारला असं दिसलं नाही. साबण कमी करा, शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. फुकटात काम होतं.


खसताटी | ११ एप्रिल, रात्री ९:४५

कूलरबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं ते आठवतं का? आणि याच गावात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. एवढी उलथापालथ आपली कातडी सोसते. एसीमध्ये हवा आणखी सुकते. दिवसभर एसी ऑफिस आणि रात्री एसी बेडरूम केली तेव्हा माझ्या पायांची नडगी सुकलेल्या तळ्यासारखी झाली होती. परत कूलरवर आलो, महिन्याभरात निम्मं बरं वाटलं. कोरड्या उन्हाळ्यात आपला ओला कूलर त्वचेचा सोबती आहे असं माझं ठाम मत आहे. फक्त नवी ताटी लावल्यावर पहिले दोन तास खिडक्या उघड्या टाकून चालवायचा, तिचा भुसा आणि उग्र वास निघून जातो. पाणी दर आठवड्याला पूर्ण काढायचं. मृग लागून हवा दमट झाली की मात्र कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा, नाहीतर घामोळ्या आल्याच म्हणून समजा. एसीशिवाय ज्यांचं जमत नाही त्यांनी तापमान २६-२७ ठेवावं आणि झोतात झोपू नये.


चिमणीची_आई | १२ एप्रिल, रात्री १:२०

झोप नाही म्हणून आत्ता लिहिते आहे. माझी मुलगी १४ महिन्यांची. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत, गालावर एक्झिमा. डॉक्टरांनी अंगाला लावायचं मॉइश्चरायझर आणि पाच दिवसांसाठी हायड्रोकॉर्टिसोन लिहून दिलं होतं. दोन दिवस लावलं, बरं वाटत होतं. मग हा धागा वाचला आणि ट्यूब कचऱ्यात टाकली. कालपासून परत सगळं उफाळलं आहे. आता खाजवून खाजवून उशीला रक्त लागलं आहे. शेजारच्या काकू मोहरीचं तेल चोळा म्हणतात. मी काय करू?


ओपीडीतली | १२ एप्रिल, पहाटे ५:५०

ताई, सर्वांत आधी: तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध चुकीचं नव्हतं. हायड्रोकॉर्टिसोन हे सगळ्यात सौम्य गटातलं. बाळाच्या एक्झिम्याला थोडे दिवस, लिहून दिलं तिथेच, लिहून दिलं तितकंच लावणं हा योग्य उपचार आहे. न लावता बाळ महिनाभर खाजवत राहिलं तर जखमेत जंतू शिरतात, त्याचा धोका मोठा. बर्डीवाली ताईंच्या बाबतीत घडलं ते वेगळं: जोरदार औषध, चेहऱ्यावर, सव्वा वर्ष, कुणाच्याही देखरेखीविना. दोन्हींना स्टेरॉइड हेच नाव आहे म्हणून गोंधळ होतो.

आज सकाळीच त्याच डॉक्टरांना फोन करा, ट्यूब टाकली हे खरं सांगा. रागावणार नाहीत. पिवळी खपली, पू, ताप यांतलं काही असेल तर फोनवर न थांबता घेऊन जा. मेडिकल, मेयो, एम्स या आपल्या गावच्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचेची ओपीडी आहे.

अंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटं, बस. उटणं, बेसन, डाळीचं पीठ चोळायचं नाही. मऊ पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही. अंग अजून ओलसर असताना, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर भरपूर. औषधाचं माप: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं. नखं कापा. सुती झबलं, उलटं घातलं तरी चालेल, म्हणजे शिवण टोचत नाही.

मोहरीचं तेल नको. त्याने त्वचेचं कवच आणखी बिघडतं. खोबरेल चालतं, तेही चिरा आणि जखमा नसतील तिथे.

काही मुलांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी त्याच्या जनुकातले बदल आणि एक्झिमा यांचा संबंध दाखवला. तुम्ही गरोदरपणी काय खाल्लं, दृष्ट लागली का, याच्याशी याचा संबंध नाही. सासरी कुणी म्हणत असेल तर हे दाखवा.


बर्डीवाली | १२ एप्रिल, सकाळी ८:१५

चिमणीची_आई, मला फार वाईट वाटतं आहे. माझ्या लिहिण्यामुळे तुझ्या बाळाचे हाल झाले. पहिल्या पोस्टमध्ये मी आता वरच लिहिलं आहे की डॉक्टरांनी दिलेलं औषध हा धागा वाचून बंद करू नका. बाळ कसं आहे ते कळव.


काळी_माती | १४ एप्रिल, दुपारी ४:३०

माझे बाबा काटोलला असतात, संत्र्याची बाग आहे. चार वर्षांपासून चेहरा, मान, हाताचे कोपर जाड आणि काळे पडून राहिले आहेत. खाज एवढी की रात्र रात्र बसून काढतात. आम्ही समजत होतो उन्हाची ॲलर्जी. सनस्क्रीन लावलं, टोपी दिली, काही फरक नाही. मग एका डॉक्टरीण बाईंनी बाबांची हनुवटी वर करून खालची बाजू पाहिली, कानाच्या मागे पाहिलं, डोळे मिटायला लावून पापण्या पाहिल्या. म्हणाल्या, ऊन जिथे लागत नाही तिथेही आहे, मग हे नुसतं ऊन कसं? हवेतून येऊन राहिलं काहीतरी. पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली, ४८ तासांनी काढल्या, अजून दोन दिवसांनी परत पाह्यलं. गाजरगवत निघालं.

बांधावर, पांदणीत, रिकाम्या प्लॉटवर, सगळीकडे तेच. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता गावोगाव आहे. त्याचा वाळलेला भुगा हवेत उडतो आणि घामेजल्या कातडीवर बसतो. आता बाबा शेतातून आले की विहिरीवरच अंघोळ करून कपडे बदलतात, ते कपडे घरात आणत नाही. पूर्ण बाह्या, उपरणं. निंदणं मजुराकडून करून घेतो, तेही फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून. निम्मा त्रास कमी झाला. आणि एक सांगतो, गणपतीत शेवंतीचा हार हाताळला की बाबांचे हात परत उततात. शेवंती त्याच कुळातली आहे म्हणे. हे कुणाला ठाऊक असतं?


ओपीडीतली | १४ एप्रिल, रात्री १०:३०

फार उपयोगी लिहिलंत. तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेल्या त्या तीन जागा, वरच्या पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नुसत्या उन्हाच्या त्रासात त्या बहुधा वाचतात. कायम कपाळावर एकाच ठिकाणी खाज येत असेल तर टिकलीकडे बघा. चिकट टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. केसांच्या रंगाने कान आणि मान उतत असेल तर त्यातलं पीपीडी हे रसायन बहुधा कारण असतं, तेच काळ्या मेंदीतही घालतात.


नंदनवनकर | १५ एप्रिल, सकाळी १०:००

नवीन क्रीम घ्यायचं झालं तर घरी तपासता येतं का? दरवेळी पॅच टेस्ट कुठे करणार?


ओपीडीतली | १५ एप्रिल, रात्री ९:१०

कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. न धुता. लाली-खाज आली नाही तर मग कानाजवळ चेहऱ्यावर दोन-तीन दिवस, मग पूर्ण. एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्या तर बिघडलं कशाने ते कधीच कळत नाही. फेसवॉशसारखं धुऊन टाकायचं काही असेल तर असं तासन्‌तास ठेवायचं नाही, ते त्याच्या पद्धतीनेच वापरून बघायचं.


करडईवाली | १६ एप्रिल, दुपारी ३:२०

तेलाचं विचारलं होतं मूळ धाग्यात. आमच्या घरी करडईचं तेल अंगाला लावायची पद्धत आहे, हिवाळ्यात तर रोज. कुठे तरी वाचलं की लिनोलिक आम्ल जास्त असलेली तेलं त्वचेला बरी, ओलिक जास्त असलेली तितकी नाहीत. करडईत लिनोलिक पुष्कळ. मला सोसतं. जवसाचं मात्र अंगाला चिकचिकतं, ते चटणीतच बरं.


बर्डीवाली | २८ मे, रात्री ९:३०

इतके दिवस लिहिलं नाही, पण सगळं वाचून करून पाहत होते. नवतपा सुरू आहे आणि माझा चेहरा पेटलेला नाही, हे आधी सांगते.

स्टोलमध्ये चूक सापडली. माझ्या गालावरची लाली डाव्या बाजूला जास्त असायची आणि तिला सरळ कड होती, जणू पट्टी ठेवून आखली. एक दिवस गाडीवरून उतरल्यावर स्टोल न सोडता आरशात पाहिलं. सिंथेटिक स्टोलची दुमडलेली कड तिथेच घासत होती, आणि तो मी वासाच्या कपडे मऊ करायच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. आता जुन्या सुती साडीचे चार तुकडे केले आहेत. दाट विणीची आहे, ऊन आत येत नाही. साध्या पावडरने धुऊन दोन पाण्यांतून काढते. रोज नवा, कारण घामाचं मीठ वाळलेला कालचा तुकडा परत बांधला की दुपारपर्यंत चुरचुरतं.

सनस्क्रीन दोन बोटं भरून घेते, पूर्वी वाटाण्याएवढं लावत होते. पांढरट दिसतं, दिसू दे. घरी आल्यावर आधी नुसतं पाणी मारते, पंख्याखाली दहा मिनिटं, मग फेसवॉश. तापलेल्या चेहऱ्यावर लगेच काही लावलं की झोंबतं, हे माझं मलाच कळलं. वांग परत थोडे दिसतात. राहू देत, सध्या जळजळ नाही यातच समाधान आहे.


चिमणीची_आई | २९ मे, सकाळी ७:००

चिमणी रात्रभर झोपते आता. कोपराची खोबण मऊ झाली आहे. डॉक्टर रागावले नाहीत. सर्वांची आभारी आहे. झबली मी खरंच उलटी घालते, सासूबाई म्हणतात पाहुणे आले की तरी सुलटी घाल.


बर्डीवाली | २१ जून, रात्री १०:४०

एक राहिलं होतं. लग्नात मी ज्या तिघींना ट्यूबचं नाव सांगितलं होतं, त्यांना फोन केले. दोघींनी एकेक ट्यूब वापरून सोडून दिली होती. तिसरी, माझी मामेबहीण, अजून लावते. जवळजवळ दोन वर्षं. फोनवर ती म्हणाली, मला तर काहीच त्रास नाही, फक्त उन्हात निघवत नाही. मग म्हणाली, स्वयंपाकघरातही पंखा लावूनच उभी राहते. मला पुढचं ऐकवेना.

गेल्या बुधवारी तिला घेऊन मेडिकलच्या ओपीडीत गेले. रांग मोठी होती, अकराला नंबर लागला. डॉक्टरांनी ट्यूब मागितली तर तिने पर्समधून दोन काढल्या, एक चालू आणि एक भरलेली. ती वाचायला लागली तेव्हा मी बाहेर बघत होते. तिला हळूहळू सोडवायचं आहे, चार महिने तरी लागतील म्हणाले. पुढच्या वेळी रजा टाकून मीच सोबत जाणार आहे.

ती हा धागा वाचते आहे, लिहायला अजून तयार नाही. तिच्या वतीने एक विचारते. आता पाऊस सुरू झाला, आभाळ भरलेलं असतं. मग सनस्क्रीन बंद करू का?


ओपीडीतली | २२ जून, सकाळी ६:१५

बंद करू नका. ढगांतून अतिनील किरणं येतातच, विशेषतः लांब लहरींची, आणि पातळ झालेल्या त्वचेला तीच पुरतात. घरातच असाल तर एकदा सकाळी. बाहेर असाल तर दुपारी परत. दमट हवेत क्रीम जड वाटलं तर मॉइश्चरायझर थोडं कमी करा, सनस्क्रीन नाही. ताईंना सांगा, सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यात कठीण जातात. तेव्हा घाबरून परत ट्यूबकडे जाऊ नका, ओपीडीत या, तारीख नसली तरी.